वजन उतरवण्याची दुपार

देवबागच्या किनाऱ्यावर सुक्या बांगड्यांचा वास आला, की आजही माझे पाय थबकतात.

दादा तेव्हा पैशांच्या लढती खेळणारा बॉक्सर होता. दोन वजनगटांचे पट्टे त्याने जिंकले होते. तिसरा गट खालचा होता, म्हणून वजन उतरवायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात काट्यावर उभं राहायचं होतं. भर उन्हात, दोन स्वेटर आणि वर बाबांचा होडीवरचा रेनकोट घालून तो आईने माडाच्या विणलेल्या झापांवर सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी तापलेल्या वाळूत पडला होता. ओठांवर मीठ फुललं होतं.

"घोटभर पाणी पी रे," आई म्हणाली.

"नको गो आये. उद्या वजन झाला काय पितलंय."

आईने तांब्या वाळूत टेकवला. "माशाक पण मेल्यावरच सुकवतंत रे," एवढंच ती म्हणाली आणि काठी घेऊन कावळे हाकत उभी राहिली.

दादाने तो पट्टाही जिंकला. गावात मिरवणूक निघाली, मी पुढे नाचले. पुढे काही वर्षांनी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. शरीर पुन्हापुन्हा असं कोरडं पाडल्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. पट्टे भिंतीवर राहिले, दादा गेला.

वजन उतरवायच्या त्या दिवशी उन्हं कलल्यावर मी चहा घेऊन परत किनाऱ्यावर गेले, तेव्हा बांगडे कधीच टोपलीत भरून झाले होते. माडाची झापं रिकामी होती. दादा तसाच पडून होता आणि आई अजून कावळे हाकत होती. तेव्हा मला तिचं हसू आलं होतं.