राजघरचं सुतक आणि भागाबाईची चूल

आज माझ्या हाताला जी नोकरी आहे, ती भागाबाईमुळे आहे. तिचं नाव मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं लिहिताना माझा धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील. भागाबाई गेली. साकोलीला, लेकीच्या घरी. दीड महिना झाला असेल. तिचा जावई काही कागदांसाठी खाणीच्या आफिसात आला होता, तो जाता जाता पाळणाघरात डोकावला तेव्हा मला कळलं. मी त्याला बसायला पाट दिला, चहा दिला. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, “सासूबाई मनानं चांगल्या होत्या, पण तोंड खराब. पाळणाघराची सावलीतली जागा होती, तोंडापायी गेली. म्हातारपणी दोन वर्षं उन्हात गोटे फोडत बसल्या. माही बायको अजून हेच म्हणते.” मी खाली मान घालून कप उचलला. तोंडापायी गेली नव्हती हो... कशापायी गेली ते मला माहीत होतं. फक्त मलाच. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत सांगता आलं असतं, आणि मी सांगितलं नाही.

मी पवनीकडच्या आसगावची. सातवीत शाळा सुटली, आणि घरच्या अडचणीनं तुमसरकडच्या या मँगनीजच्या खाणीवर आले. खाणीचं नाव लिहीत नाही, बाकी माणसांचीही लिहीत नाही, उगाच कोणाला त्रास नको. दगड फोडून निवडणाऱ्या बायांची लेकरं सांभाळायला खाणीवर पाळणाघर होतं. भागाबाई तिथली जुनी आया, मी तिच्या हाताखाली कच्च्या यादीवर. पक्की होईन की नाही याची मला इतकी धास्ती होती, की आफिसचा शिपाई नुसता रस्त्यानं गेला तरी मी झाडलेलंच अंगण परत झाडायला घ्यायची. भागाबाई हसायची. “काहून वो शकुन, तो का वाघ हाये? बिडी मागाले चालला असंल.”

एकोणऐंशी सालची गोष्ट. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. विलायतच्या राजघराण्यातला, आपल्या देशावर शेवटी राज्य करून गेलेला मोठा साहेब वारला, आणि आपल्या सरकारनं सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. रेडिओवर नुसती सनई-सारंगी. आफिसचा बाबू वस्तीत सांगत फिरला, “उद्या अकराला भोंगा वाजंल. जो जिथं हाये त्यानं तिथंच दोन मिनिटं उभं राहाचं. दुखवटा बराबर पाळाचा, मंग मले सांगू नका.” एका गड्यानं विचारलं, “बाबू, टक्कल करा लागते का?” दुसरा म्हणाला, “सात दिवसाचं कोणतं सुतक असते गा? आपलं तर दहाचं राह्यते. तीन दिवस सरकारनं माफ केले वाटते!” सगळे हसले. मी हसले नाही. ‘बराबर पाळाचा’ एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी भागाबाई दवाखान्यात जाऊन येणार होती, म्हणून पाळणाघर मी एकटीनं उघडलं. आणि लेकरांच्या दलियाची चूल पेटवली नाही. आमच्या आसगावात घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-वरण आणून देतात, तेच त्या घरानं खायचं. मला वाटलं, खाणीवर दुखवटा आहे, म्हणजे इथंही तसंच असेल. आफिसातून लेकरांसाठी काहीतरी येईल. आज लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच फाटकाकडं डोळे लावून बसले होते, कोणी पातेलं घेऊन येतं का म्हणून. नऊ वाजले, दहा वाजले. सतरा लेकरं. आधी कुरकुर, मग रडणं, मग एकाचं पाहून दुसऱ्याचं. मी एकाला खांद्यावर, एकाला कडेवर घेऊन फिरत होते, आणि चुलीला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.

अकराला थोडा वेळ असताना भागाबाई आली. “चूल थंडी काहून हाये वो?” मी म्हटलं, “मावशी, दुखवटा हाये ना... जेवण येईल आफिसातून.” आधी तिला हसू आलं, मग लेकरांकडं नजर गेली आणि हसू थांबलं. “पोरी, राजघरच्याइले का समजते तुह्या आसगावची रीत? लेकराच्या पोटाले सुतक नसते.” लाकडं पावसानं ओली होती. ती चुलीपुढं बसून फुंकत होती, तोच भोंगा वाजला. समोरच्या पटांगणात सगळ्या बाया घमेली खाली ठेवून उभ्या. बाबू उभा, साहेब उभे. सगळीकडं सामसूम, आणि आमच्या कौलांतून काळा धूर, आणि भागाबाईचं फुंकणं त्या शांततेत दूरवर ऐकू जाणारं. मी दारात उभी होते. उभी राहून दुखवटा पाळत होते की भीतीनं पाय जागचे हलत नव्हते, कोण जाणे. जाळ लागला तेव्हा तिनं राखेचे हात जोडले आणि पुटपुटली, “जाय बाप्पा आपल्या वाटेनं. तुह्यावाल्याइनं रडावं तुले.”

बाबू तरातरा आला. “धूर कोणं केला?”

“म्या केला. लेकरं उपाशी होती.”

“आत्तापर्यंत उपाशी काहून?”

भागाबाईनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी नजर खाली घातली. “मले यायले उशीर झाला,” ती म्हणाली. “चूल माह्यानंच राह्यली.”

“साऱ्या देशाचा दुखवटा चालू हाये अन् तुले दोन मिनिटं उभं राहता येत नाही?”

तेवढं ऐकलं आणि ती उठली. “बाबू, मी सतरा वर्साची होती तवा विलायतचा राजा मेला. थंडीचे दिवस होते. दिवसभर खाण बंद, आमाले बोडखं उभं केलं. त्याच्या आठ दिवस आंधी माही पहिली पोरगी, कामावर टोपलीत निजवत होती तिले, थ्या टोपलीतच तापानं गेली. तिले मातीत पुराले म्या अर्धा दिवस मांगला, तर मुकादम म्हणे घमेलं खाली ठेवू नोको. तवाच उभी राहून झाली मी. आता नाही होत.”

बाबूनं हे सगळं आफिसात सांगितलं. आठवड्याच्या आत भागाबाई गोटे फोडायच्या कामावर गेली आणि पाळणाघर माझ्याकडं आलं. पुढच्या वर्षी मी पक्की झाले.

मी तिला एकदा विचारलं, मावशी, तुवा माझं नाव काहून नाही सांगितलं? ती दगडावर हातोडी टाकतच म्हणाली, “माह्या नोकरीची दोनच वर्षं राह्यली. तुही सारी बाकी हाये.” मग हातोडी खाली ठेवून म्हणाली, “तुले रडू आलतं का त्या साहेबासाठी?” मी नाही म्हटलं. “मंग सुतक कोणाचं पाळलं? भेवाचंच ना? भेवाचं सुतक दहा दिवसानं फिटत नाही पोरी.”

राज्य करून गेलेल्यांच्या राजासाठी, त्याच्या माणसासाठी आपण दुखवटा पाळावा का, यावर शिकलेले लोक बोलतात. मला सातवीच्या अकलेनं एवढंच वाटतं, की सरकारनं आपली रीतभात पाळली असेल, आलेल्या-गेलेल्याला हात जोडणं वाईट नाही. हात तर भागाबाईनंही जोडले. पण जिच्या लेकरासाठी कोणी कधी अर्धा दिवस थांबलं नाही, तिला ‘उभी राहा’ म्हणण्याआधी कोणी तिची टोपली आठवली का? दुःख वरून सांगून येत नाही. भीती येते. मी त्या दिवशी भीती पाळली, आणि तिची किंमत दुसरीनं उन्हात बसून चुकवली.

लेकरांना दलिया वाढण्याआधी एक थेंब मनगटावर टाकून पाहायची भागाबाईची सवय मला लागली आहे. आज सकाळीही पाहिला, आणि हात तसाच राहिला... एका लेकरानं पदर ओढला तेव्हा भानावर आले. हे छापून आलं तर आफिसात कोणी वाचेल, विचारेल, या विचारानं दोनदा कागद घडी करून ठेवला. तरी लिहिते. चूल मी पेटवली नव्हती. भागाबाईचं तोंड खराब नव्हतं. मावशी, वर्षश्राद्धाला मी साकोलीला येईन, पंगत बसायच्या आधी तुह्या लेकीपुढं उभी राहून हे माझ्या तोंडानं सांगीन. तेव्हाही धीर झाला नाही, तर त्याच्या पुढच्या वर्षी येईन. पण सांगीन.