सगळ्या गाड्यांना चालणारं तेल

क्लच नसलेली मोटार आमच्या आख्ख्या लष्कर शहरात एकच होती, आणि ती आमचे हे चालवायचे. दरबारनं अमेरिकेहून मागवलेली, लांबच्या लांब, गिअर आपले आपण बदलणारी. लग्नानंतर ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, नव्या बायकोसमोर फुशारकी चाललीये. लोखंडाला मेलं काय कळणार कधी गिअर बदलायचा ते! तर म्हणे, तेलामुळे. गिअरच्या डब्यात एक लालसर तेल असतं, ते दाबानं फिरतं आणि तेच सगळं करतं. दुसऱ्या गाड्यांत तेल नुसतं वंगणापुरतं, हिच्यात तेल हाच कारभारी. म्हणून ते कंपनीचंच लागतं, दुसरं चालत नाही, असं गाडीसोबत आलेल्या पुस्तकात छापलेलं होतं.

मग संस्थान गेलं. दरबारची गाडी सरकारची झाली आणि तिच्याबरोबर हेही सरकारचे झाले. तेल मात्र येईनासं झालं. पूर्वी मुंबईहून डब्यांची पेटीच्या पेटी यायची. आता नवे बाबू विचारायचे, पेट्रोल देतो, इंजनचं तेल देतो, हे तिसरं काय काढलंत? शेवटचा डबा गाडीत गेला, त्यानंतर ह्यांनी ते तेल तळहाताच्या फोडासारखं जपलं. थेंब गळला तरी ह्यांना घास गोड लागायचा नाही.

तेवढ्यात आमचं मध्य भारत राज्यही मोडीत निघालं. हिवाळ्यात इथे आणि उन्हाळ्यात इंदूरला अशी का होईना, राजधानी होती आमच्याकडे. ती आता कायमची भोपाळला चालली. मोटारखान्यात हुकूम आला की दसरा झाल्यावर भोपाळचे साहेब येऊन गाड्या बघतील. धडधाकट गाड्या जातील, त्यांचे ड्रायव्हर त्यांच्याबरोबर जातील. उरलेल्यांची छँटनी, म्हणजे हातात नारळ. मोठे बाबू ह्यांना म्हणाले, “गाड़ी पास तो आप पास, भाऊसाहब.” मला भोपाळला जायचं नव्हतं, खोटं कशाला बोलू. माझं माहेर इथे, सगळं इथे. पण पदरात दोन मुली, घरात म्हातारे सासरे, आणि ह्यांना गाडीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. छँटनीपेक्षा भोपाळ बरं, असं मीच ह्यांना म्हटलं.

आता सासऱ्यांचं सांगते. ते त्याच मोटारखान्याचे जुने जमादार, पेन्शनीत निघालेले. त्यांचे वाडवडील दक्षिणेतून घोड्यावर बसून आले, आणि खंडेनवमीला आमच्यात तलवारीची पूजा व्हायची. घोडे गेले, मोटारी आल्या, मग मोटारींची व्हायला लागली. सासऱ्यांनी त्यात आपला एक नेम घातला होता: शिळ्या तेलावर गाडी पूजेला उभी करायची नाही. जुनं काढायचं, नवं भरायचं, मगच हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. दरबारच्या वेळी तेलाला तोटा नव्हता, म्हणून नेम शोभला. पेन्शनीत गेल्यावरही दर खंडेनवमीला धुतलेला फेटा बांधून ते जायचे, आणि मोटारखान्यातले लोक जमादारसाहेब आले म्हणून बाजूला व्हायचे.

त्या साली ह्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. “आबा, इंजनचं तेल बदला. गिअरच्या डब्याला मात्र हात लावू नका. ते आता मिळत नाही.”

सासरे म्हणाले, “बरं.”

त्यांचं ‘बरं’ म्हणजे पटलं, की नुसतं कानावर पडलं, हे त्या घरात कुणाला कधी कळलं नाही.

सकाळी ह्यांना दुसरी गाडी घेऊन स्टेशनवर पाहुणे आणायला पाठवलं. परत येऊन बघतात तो गाडीला माळ, बॉनेटवर स्वस्तिक, आणि गाडीखाली घमेल्यात दोन्ही तेलं एकत्र. इंजनचं काळं आणि गिअरचं लाल, छान कालवलेली! परत भरायचीही सोय उरली नव्हती. सासरे या वयात स्वतः गाडीखाली आडवे झाले होते. हात पुसत म्हणाले, “इंजनचं भरलंय रे. त्या डब्यातलं तेवढं तू आण.”

हे घरी आले आणि बूट न काढता ओट्यावर बसले. मी म्हटलं, “अहो, बोला ना त्यांना काहीतरी!”

“काय बोलू? एवढ्या हौसेनं केलं त्यांनी.”

हौस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इथे पोटावर पाय यायची वेळ आणि ह्यांना बापाची हौस दिसत होती.

नया बाजारात मोटारीच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथे एकच डबा मिळाला, कुठल्याशा भलत्या कंपनीचा. वर इंग्रजीत छापलेलं की असल्या सगळ्या गाड्यांना चालतं. दुकानदार म्हणाला, “सब में चलता है साहब, आँख मूँद के डालिए.” हे डबा घेऊन घरी आले. थेंब बोटांत चोळून बघितला, वास घेतला, चुलीच्या उजेडात धरला. रंग तोच, चिकटपणाही तोच.

“मग झालं तर,” मी म्हटलं.

“दिसायला तेच आहे गं. गरम झाल्यावर तेच राहील का, हे कोण सांगणार?”

मी म्हटलं, “तुम्हीच सांगणार, दुसरं कोण आहे इथे?” पण दुसरं तेल नव्हतंच. घातलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी मुरारपर्यंत नेऊन बघायची ठरली. मागे वजन हवं, म्हणून मला आणि मुलींना बसवलं. वजन म्हणून का होईना, दरबारच्या गाडीत बसले बाई एकदाची. मुली खिडकीतून हात हलवत होत्या आणि हे मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते.

“कळलं?” ह्यांनी विचारलं.

“काय?”

“वरच्या गिअरला जाताना अडखळली.”

“छे! लोण्यासारखी चाललीये.”

परत नेली, परत आणली. प्रत्येक वेळी ह्यांना ती जराशी अडखळल्याचं वाटायचं आणि मला काहीच कळायचं नाही. शेवटी मी चिडून म्हटलं, “अहो, गाडी नाही अडखळत, तुमचं मन अडखळतंय.” हे म्हणाले, असेलही. रात्रभर कूस बदलत होते.

साहेब आले. पुढचं ह्यांनी मला स्वतः सांगितलं, एकदाच. साहेबांनी ह्यांच्या शेजारी बसून फुलबागेला वळसा मारला, मग स्वतः चाक हातात घेतलं. क्लच नाही म्हटल्यावर लहान मुलासारखे खूश झाले. उतरताना म्हणाले, “बढ़िया रखी है गाड़ी. तुम भी चलो साथ में.”

झालं होतं! नोकरी वाचली होती. मान डोलवायची, सलाम ठोकायचा आणि घरी येऊन पेढे द्यायचे. पण नाही. आमचे हे म्हणाले, “हुजूर, एक बात है. इसका तेल अपना नहीं है. बाज़ार का डाला है. लंबे रास्ते पर गरम होगा तो क्या करेगा, मैं नहीं कह सकता. कंपनी वाला मँगवा लें, तब ले जाएँ.”

साहेबांचा चेहरा फिरला. सरकारी गाडीत बाजारचं तेल? कंपनीचं कुठे गेलं? विकलं? ह्यांनी सांगितलं, काढलं. कुणी काढलं? पेन्शनीतल्या माणसानं सरकारी गाडी उघडली म्हटलं असतं, तर सासऱ्यांच्या पेन्शनीवर गदा आली असती. जुन्या दरबारच्या पेन्शनी आधीच कुठल्या दप्तरात अडकतील याचा भरवसा नव्हता.

“मैंने,” हे म्हणाले.

गाडी भोपाळला गेली, त्याच तेलावर. साहेबांचाच माणूस चालवत होता. क्लच नसल्यामुळे त्याला शिकायला वेळही लागला नाही. हे छँटनीत गेले. वर शेरा असा पडला की दुसरीकडे ड्रायव्हर म्हणून कुणी उभं करेना. पुढे एका गिरणीच्या गोदामावर चौकीदारी मिळाली. मी कितीदा म्हटलं, तोंड का उघडलंत? एकच उत्तर: “वाटेत बंद पडली असती तर?”

दोन उन्हाळे गेले. शेजारच्यांचा भाचा भोपाळला नोकरीला होता, तो आला आणि ओट्यावर बसून सांगायला लागला की ती लांब गाडी अजून झकास चाललीये, साहेब तिच्यातून पचमढीला जाऊन आले. हे खाली मान घालून हाताच्या रेषा बघत राहिले. तेल जुळलं होतं. निदान साहेबांना पुरेल इतकं तरी जुळलं होतं.

सासरे मात्र उसळले. “बघ! म्हणजे तेल चांगलं होतं. उगाच साहेबासमोर शहाणपणा केलास, आणि हातची नोकरी घालवलीस. मुळात चांगलं तेल काढायची तुला बुद्धी का झाली?”

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं सासऱ्यांसमोर मान वर केली नव्हती मी. बाहेर येऊन म्हटलं, “मामंजी, ते तेल तुम्ही काढलंत. खंडेनवमीला. तुम्ही!”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मग घाबरल्यासारखं ह्यांच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “मी काढलं का रे?”

“नाही, आबा,” हे म्हणाले. “मीच काढलं. तिला काय कळतंय त्यातलं.”