मुलगी पसंत, चष्मा नापसंत

माझ्या लेकीला बघायला आलेल्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला: मुलगी पसंत आहे, फक्त तेवढा चष्मा काढून टाका. जणू मी भाजी विकायला बसले होते आणि त्यांना कोथिंबिरीचे देठ नको होते.

लेक मोलगीकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. आठवडाभर तिकडेच राहते, शनिवारी जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट उतरते. शाळेपासून चष्मा आहे, नंबर बऱ्यापैकी मोठा. मी तिला सरळ विचारलं, "नाही म्हणून टाकू का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "माले आवडना तो."

पोरगी एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते. अहिराणीत "आवडना" म्हणजे मुलगा आवडला, आणि अहिराणीत बोलली म्हणजे मनापासून. मग प्रश्न मिटला. मुलगा सुरतेला कंपनीत होता, बोलायला नरम वाटला होता, आणि चष्मा तिलाही काही प्रिय नव्हता. मास्क लावला की काचांवर वाफ धरते, जीपमध्ये धुळीने माखतात. उतरवता येत असेल तर उतरवू, असं आमचं दोघींचं ठरलं.

आमच्या घरात दोघींनी ठरवून काही होत नाही. ओट्यावर बैठक बसते. ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, सोयरीक, सगळं तिथेच ठरतं आणि अध्यक्ष असतात माझे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठ आणि भावजयीने थेट बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून ते जे मला सांगायचं ते समोरच्या खांबाला सांगतात. मीही खांबालाच उत्तर देते. त्या खांबाइतकं आमच्या घराबद्दल कोणालाच माहीत नसेल.

डोळ्याच्या ऑपरेशनचे प्रकार किती, हे लेकीने मोबाइलवर वाचून आम्हाला नीट समजावलं. एका प्रकारात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची पातळ साल पात्याने उचलतात, आत लेसर मारतात, साल परत बसवतात. दुसऱ्यात ती सालही लेसरनेच कापतात. तिसऱ्यात साल उचलतच नाहीत, बारीक छेदातून आतला तुकडा तेवढा ओढून काढतात. चौथ्यात वरचा थर खरवडून थेट लेसर मारतात; त्यात काही दिवस डोळे चांगलेच झोंबतात.

"झोंबण्याला कोण घाबरतं?" जेठ खांबाला म्हणाले. "मिरची वाळवणारी माणसं आपण."

माझे यजमान म्हणाले, "पात्यावालं जुनं झालं. नवीन मॉडेल घ्यावं."

"नवीन मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत," जेठ म्हणाले.

मी खांबाला विचारलं, "पार्ट कशाचे? डोळ्याचे?"

जेठ खांबावरचा रंग नखाने खरवडायला लागले.

नवापूरहून नणंदेचा फोन आला. तिच्या शेजारणीच्या जावेने कुठलंसं ऑपरेशन केलं होतं आणि आता तिला पोल्ट्रीच्या दुसऱ्या टोकाची कोंबडीही ओळखू येत होती. कुठलं ऑपरेशन, हे नणंदेला माहीत नव्हतं. "जे महाग असेल ते करा," असा तिचा सल्ला होता. ज्यांना काही कळत नाही त्यांना महाग तेवढं कळतं.

सुरतेला जायचं ठरलं. आमच्याकडे लग्नाची खरेदी सुरतेला, मोठं दुखणं सुरतेला, त्यामुळे लग्नासाठीचं दुखणं दुसरीकडे कुठे नेणार? रेल्वेने आम्ही चौघं निघालो. डब्यात पुऱ्या आणि मिरचीचा ठेचा होता, कारण जेठ गुजरातचं गोड खात नाहीत.

दवाखाना लग्नाच्या हॉलसारखा होता. डॉक्टरच्या आधी एक नटलेली मुलगी भेटते, तिला समुपदेशक म्हणतात. तिच्याकडे चार प्रकारांचं चकचकीत पत्रक होतं. पहिला प्रकार दाखवताना तिचा चेहरा पडायचा, तिसऱ्याला खुलायचा. साड्यांच्या दुकानातही गादीवरचा माणूस असाच वागतो, म्हणून जेठांना एकदम ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं. ते पुढे सरकून बसले.

"बेन, चार आँख लेंगे तो क्या भाव पडेगा?"

ती गोंधळली. "चार?"

"दो इसकी, दो छोटी की."

छोटी म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. ती घरी होती, कॉलेजात जाते, आणि तिला कसलाच नंबर नाही.

"दादा," मी तिथे खांब नव्हता म्हणून खिडकीला म्हटलं, "तिचे डोळे चांगले आहेत."

"आज चांगले आहेत," जेठ खिडकीला म्हणाले. "भाव मिळतोय तर करून ठेवावं."

लेकीने ओढणीत तोंड लपवलं. हसत होती. ती हसताना मी पाहिलं ते त्या प्रकरणातलं शेवटचं.

तपासण्या झाल्या. यंत्रात हनुवटी ठेव, वर बघ, खाली बघ. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. वयस्कर बाई, कमी बोलणाऱ्या, आणि मला बरं वाटलं की स्वतः चष्मा लावणाऱ्या. म्हणाल्या, हिच्या डोळ्यावरचा पडदा मुळात पातळ आहे आणि त्याचा आकारही जरा संशयास्पद वाटतो. लेसर मारला तर तो आणखी पातळ होईल, पुढे फुगू शकतो, मग चष्म्यानेही नीट दिसणार नाही. चारातला कुठलाच प्रकार नको. एक वर्षाने परत तपासू. डोळे चोळू नकोस.

यजमान माझ्याकडे बघायला लागले. जेठांनी आशा सोडली नव्हती. "मॅडम, पूरा मत निकालो. आधा नंबर निकाल दो."

डॉक्टर म्हणाल्या, "काका, मी नाही करणार."

धंदा असून नाही म्हणणारी माणसं मला आवडतात. बाहेर ती नटलेली मुलगी पाचवा प्रकार सांगायला उभी होती, डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरबाईंनी वर्षभर थांबायला सांगितलंय, तुम्हीही थांबा.

लेक परतीच्या गाडीत तपासणीचे कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. स्थळ जाणार हे तिला कळलं होतं. लग्नासाठी ती चष्मा टाकायला तयार होती, डोळे टाकायला नव्हती. बाळांच्या बारीक शिरा शोधायचं तिचं काम. डॉक्टरांचं म्हणणं तिने मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, घरी विचारतो.

त्याने विचारायच्या आधीच घरी कळलं, पण वेगळंच. आमच्या गावाला माहीत होतं की पोरगी चष्मा काढायला सुरतेला गेली. गावाने पाहिलं की ती चष्मा लावूनच उतरली. गावाने हिशोब केला. दुसऱ्या सकाळी शेजारची म्हातारी शहाळं घेऊन दारात उभी.

"ऑपरेशन फेल गयं का वं माय?"

ऑपरेशन झालंच नाही असं मी सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईचं मन, ते कबूल कसं करणार! संध्याकाळपर्यंत गाजरं आली, गावरान तूप आलं, आणि कोणीतरी लेकीला हात धरून ओट्याची पायरी चढवून दिली. मुलाच्या घरी, धानोऱ्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा एक डोळा पूर्ण गेला होता.

त्या रविवारी मुलाकडची मंडळी आली: मुलगा, त्याची आई आणि काका. तोंडं सुतकी. लेक चहा घेऊन आली तेव्हा आईने घाईघाईने ट्रे धरला, सांडेल म्हणून.

काकांनी हात वर केला. "पोरी, कितला बोट शेतस?"

"तीन," लेक म्हणाली. "आणि अंगठीवरचा खडा पडलाय."

काकांनी अंगठी बघितली. खरंच पडला होता. मग त्यांनी तिला भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचायला लावली. तिने एकादशीपासून रेल्वेच्या गाड्यांपर्यंत सगळं वाचलं. सगळ्यांना बरं वाटलं. मी परत एकदा पातळ पडद्याचं सगळं समजावलं आणि या वेळी ते त्यांना पटलं.

"मग ठीक," काका मोठ्या मनाने म्हणाले. "चष्मा चालेल. फक्त लग्नात काढायचा."

लेक म्हणाली, "काका, चष्मा काढला की मला तुम्ही आणि हे एकसारखेच दिसता. हार कोणाच्या गळ्यात पडेल, सांगता येणार नाही."

यजमानांना ठसका लागला. जेठ खांबाकडे बघून गालात हसले. मुलाची आईसुद्धा पदराआड हसली. लेक मात्र मुलाकडे बघत होती. आता त्याने काहीतरी बोलायचं होतं. काहीही चाललं असतं.

तो इतका वेळ मोबाइलशी खेळत होता. म्हणाला, "फक्त फोटोपुरता काढ ना."

ती ट्रे घेऊन आत गेली. मीही गेले. मोरीपाशी उभी राहून रडत होती. चष्मा असला की रडताना तो काढावा लागतो, पुसावा लागतो, परत लावावा लागतो. एवढ्या कामात रडणं फार लांबत नाही. तिचंही लांबलं नाही.

"आई, सोमवारी लसीकरण आहे," ती म्हणाली. "मला आजच निघायला हवं. तू सांगशील?"

"काय सांगू?"

"नाही म्हणून सांग. ते खांबाला नको, थेट सांग."

मी बाहेर येऊन थेट सांगितलं. काकांना ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा सांगितलं. मुलाची आई म्हणाली, एवढ्या एका फोटोसाठी? मी म्हटलं, हो ना, तेच मीही म्हणतेय.

गावात अजून लोक म्हणतात की ऑपरेशन फेल गेलं म्हणून स्थळ मोडलं. मी आता दुरुस्त करत नाही. गावरान तूप चांगलं होतं.