आधी गाव सांगा, मग भांडा

"मास्तर, हितं या! वडापाव ठेवा तो खाली, आन् हितं येऊन हे वाचा!"

आपा ओरडल्या तेव्हा मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांचा आवाज असा की स्टँडवरून महाडकडे निघालेली गाडी थांबली आणि ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून विचारलं, "मला बोलावलं का?" हे थोडं वाढवून सांगतोय. गाडी थांबली नाही, नुसती दचकली.

आपा म्हणजे भोरच्या स्टँडजवळ झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान चालवणाऱ्या बाई. सगळा गाव त्यांना आपा म्हणायचा, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा. मी एसटीत कंडक्टर, भोर-वेल्हे मार्गावर. आमच्याकडे कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात, अंगात शिकवण्यासारखं काही नसलं तरी. गाडीत मी थापा मारायचो. त्या आपांनी ऐकल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "ह्या नुसत्या हवेत कशाला सोडता? ब्लॉग काढू." तेव्हा ब्लॉग हा शब्द भोरमध्ये नवा होता. मला वाटलं दात काढण्याचा काहीतरी प्रकार असेल. मी तोंडानं सांगायचो, आपा टाइप करायच्या. मी स्वतः दोन बोटांनी टाइप करायला घेतलं असतं तर पहिली गोष्ट अजून संपली नसती.

मी आत गेलो. आपांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. गोष्टीखाली वाचकांनी लिहायची जी जागा असते, तिथं 'अनामिक' म्हणून कुणीतरी लिहिलं होतं: "धरणग्रस्त म्हणून जमिनी घेतल्या, दाखले घेतले, फुकट खाल्लं. आता रडगाणं कशाला? बुडालं ते बरंच झालं." त्याखाली आणखी सात-आठ जणांनी री ओढली होती. कुणी हसत होतं, कुणी वाईट बोलत होतं. आणि सगळ्यात शेवटी तीन ओळी होत्या, नर्सबाईंच्या.

"हे मी आईला दर रविवारी फोनवर वाचून दाखवते. काल मधेच थांबले, तर ती म्हणाली, पुढचं वाच की. मला वाचवेना. आता इथं येणार नाही."

"आता?" आपा म्हणाल्या. "आता काय करनार तुमी?"

ह्या नर्सबाई कोण, ते सांगतो. मी एकदा एक थाप लिहिली होती: धरणाच्या कडेच्या रस्त्यानं आमची गाडी चालली होती आणि पाण्यातून एक मासा गाडीच्या बरोबरीनं पळत होता. वळणावर त्यानं आम्हाला मागं टाकलं आणि पुढच्या थांब्यावर खडकावर बसून आमची वाट बघत होता. भावजी, मेव्हणे, माझा सख्खा चुलता, सगळ्यांनी खाली "लई भारी" लिहिलं. माझे वाचक म्हणजे तेव्हा माझी सोयरीकच. पण त्यात एक अनोळखी प्रतिक्रिया आली. पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स असलेली बाई, माहेर गुंजवण्याच्या बाजूच्या एका वाडीतलं. ती वाडी धरणात गेली. तिनं लिहिलं होतं:

"मास्तर, मासा खोटा असला तरी चालेल. पण तुम्ही म्हणता तिथं खडक नव्हता. तिथं आमचं खाचर होतं. त्याला सासूची ताल म्हणायचे, कारण ताल म्हणजे बांध, तो कितीही घाला, दर पावसाळ्यात फुगून बसायचा."

मी एवढा हसलो की दोन प्रवाशांना तिकीट द्यायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात तिनं आणखी एका खाचराचं नाव लिहिलं. मग त्या वाडीची माणसं येऊ लागली. पांगली होती सगळी. कुणी हडपसरला, कुणी दौंडकडच्या नव्या वसाहतीत, एक तर थेट कुवेतला. माझ्या माशाच्या खाली बसून ती विचारायची, वरच्या अंगाची विहीर कुणाची? चिंचेखालचा दगड आठवतो का? एकानं झऱ्याची वाट सांगितली, दुसऱ्यानं ती चुकीची ठरवली, तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढलं. बुडालेली वाडी हळूहळू ओळीओळीनं वर येत होती. आणि नर्सबाईंची आई, जिला वाचता येत नव्हतं आणि जी नव्या जागेच्या सपाट माळावर बसून होती, ती रविवारी हे सगळं कानाला मोबाईल लावून ऐकायची.

आता माझं पाप सांगतो. अनामिक पहिल्यांदा आला तेव्हा मला आनंद झाला. सहा प्रतिक्रियांच्या साठ झाल्या! मी आपांना म्हणालो, "भांडण म्हणजे जत्रा, आपा. जत्रेला माणूस लोटतंच." आणि जत्रेत रंग भरायला मी स्वतः एक प्रतिक्रिया अनामिक होऊन लिहिली, त्या अनामिकाला डिवचणारी. दोन बोटांनी. त्या एका ओळीला मला पाऊण तास लागला, म्हणजे पाऊण तास विचार करून केलेला गाढवपणा. तो चिडला, आणि त्याचा राग माझ्यावर निघाला नाही, त्या बाईवर निघाला. मी तर सापडण्यासारखा नव्हतोच. मी पण अनामिक.

हे मी आपांना त्या दिवशी सांगितलं. त्यांनी वडापावचा कागद माझ्या हातातून घेतला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "नर्सबाईंना ईमेल करू. माफी मागू. परत या म्हणू."

"कशाला बोलावता? ह्याच घाणीत बसायला? आधी घर झाडा. मग पाव्हणीला बोलवायची वेळ यायची न्हाई, ती येईल आपली आपन."

मग मी झाडायला काढलं. पहिला उपाय मी केला तो एसटीतला: पाटी लावली. "शिवीगाळ करू नये. कुणाच्या गावावर बोलू नये. दुसऱ्याच्या भावना दुखवू नयेत." एकूण अकरा सूचना. त्याखाली पहिली प्रतिक्रिया आली, "मास्तर, खिडकीतून हात बाहेर काढू नये हे राहिलं." बरोबरच होतं. आमच्या गाडीत 'थुंकू नये' ही पाटी आहे, आणि लोक नेमके तिच्याखालीच थुंकतात, पाटी वाचता वाचता.

दुसरा उपाय माझा मीच गाडीत शिकलो. बाजाराचा दिवस होता. वेल्ह्याची गाडी स्टँडला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे तुम्हाला माहीतच आहे. एकानं रुमाल टाकला, दुसरा त्या रुमालावर बसला. आवाज चढले, बाह्या वर गेल्या, एकानं दुसऱ्याचा बाप काढला, दुसऱ्यानं आजा. गाडीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. मी तिकिटाची पेटी पोटाशी धरून मधे शिरलो आणि रोज विचारतो तेच विचारलं, कारण तिकीट फाडायला ते विचारावंच लागतं.

"पाव्हणं, गाव कुठलं?"

उभ्या माणसानं गाव सांगितलं. बसलेला तोंड वर करून म्हणाला, "त्या गावात माझी मेव्हणी दिलीय."

"कुनाच्यात?"

झालं. मार्गासनीचा थांबा यायच्या आत उभ्या माणसाचं पोतं बसलेल्याच्या मांडीवर होतं. रुमालाचं काय झालं कुणास ठाऊक. मला वाटतं दोघांनी मिळून त्यात शेंगा फोडल्या.

मी त्या संध्याकाळी आपांकडे धावत गेलो. धावत म्हणजे, घाटातून आमची एसटी उतरते तसा, जपून. "आपा, आपल्या ब्लॉगवर भांडण होतं कारण कुणी गाव विचारत नाही! माणूस एकदम शिवीवरच येतो!"

आपांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "नुसतं गाव कशाला? घरी मानूस आलं की काय करतो आपन? आधी रामराम, मग गाव, मग जेवलात का. त्याच्यापुढं काय शिव्या द्यायच्यात त्या द्या म्हनावं."

तोच नियम झाला. अकरा सूचना काढल्या आणि एकच ठेवली: आधी रामराम-सलाम, मग गाव, मग जेवलात की नाही, आणि त्यापुढं मनाला येईल ते. हे नसलं तर प्रतिक्रिया दिसणार नाही. आलेली प्रत्येक प्रतिक्रिया आधी आपांकडे जायची, त्या वाचून मगच सोडायच्या.

पहिल्या आठवड्यात आलेली प्रतिक्रियांची रांग मला अजून पाठ आहे.

"राम राम. उत्रोली. जेवलो. मासा खोटा आहे."

"सलाम. हल्ली कुवेत. जेवायचंय, ड्युटी संपली की. मासा खरा असेल तर फोटो टाका."

"जय भीम. हडपसर. कांदा-भाकरी. मास्तर, तुम्ही थापाडे आहात आणि तुमची गाडी कधी वेळेवर येत नाही."

"नमस्कार. पुणे. हे कसले नियम? जेवलो."

आणि एक चिठ्ठी वाडीतल्या कुणाची तरी आली: "आमचं गाव पाण्याखाली आहे. काय लिहू?" आपांनी उत्तर टाइप केलं, "तेच लिहा." दुसऱ्या दिवसापासून चार-पाच जण तसं लिहू लागले. राम राम. पाण्याखाली. जेवलो.

खरं सांगतो, माणूस आपण जेवलोय हे सांगितल्यावर शिवी द्यायला जरा कचरतो. तोंडात चव असते ना. शिव्या आल्याच नाहीत असं नाही, पण पायताण दाराबाहेर काढून आत आलेल्या माणसासारख्या आल्या.

अनामिक मात्र तसाच आला. ना रामराम, ना गाव, सरळ आग. आपांनी अडवलं. पुन्हा आला, पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं, "राम राम. किकवी. जेवलो नाही." आणि पुढं पुन्हा तेच, फुकट खाल्लं, रडगाणं.

मी म्हणालो, "नियम तर पाळलाय. सोडायचं का?"

आपा म्हणाल्या, "थांबा." आणि त्यांनी ब्लॉगवरच त्याला एवढंच लिहिलं: "का जेवला नाहीत?"

दोन दिवस काही नाही. मी पैज लावली की तो आता कधी येणार नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, दोन पानं भरतील एवढं. विहीर आटली होती. मोटार जळली होती. त्याच्या वावरातून कालवा जाणार म्हणून खुणेचे दगड रोवले होते, त्याचं लग्न व्हायच्या आधी. आता पोरगी बारावीला होती आणि दगड तिथंच होते. त्या दगडांना ठेचकाळत त्याचे दोन बैल म्हातारे झाले, असं लिहिलं होतं. (हा माणूस थापा मारत असेल तर माझ्यापेक्षा चांगल्या मारत होता.) बायकोशी त्यावरून वाजलं होतं, म्हणून ताटावरून उठला होता. शेवटी लिहिलं होतं: "ज्या पाण्यासाठी ह्यांची वाडी गेली ते पाणी माझ्याकडं आलंच नाही. मग कुणावर चिडू? ती बाई तिथं दिसली."

आपांनी ते मोठ्यानं वाचलं. दुकानात झेरॉक्सला आलेले दोघे-तिघे होते, तेही ऐकत उभे राहिले. मग मी माझ्या दोन बोटांनी, माझ्या नावानं, त्याच्याखाली लिहिलं की तुम्हाला डिवचणारा तो दुसरा अनामिक मी होतो. भोर. जेवलोय, पण गोड लागलं नाही.

ते सगळं आपांनी तसंच लावलं. त्याचं जुनं वाईट लिहिलेलं मात्र काढलं.

नर्सबाईंना कुणी बोलावलं नाही. पंधरा-वीस दिवस गेले. मी रोज वेल्ह्याहून उतरलो की आधी दुकानात डोकवायचो. आपा मान हलवायच्या, मी चहा न घेताच निघायचो. मला माशाच्या नव्या थापा सुचेनात. खाचरांची नावं सांगणारं कुणी नसेल तर मासा पळवायचा कुठून?

मग एका सोमवारी आपांनी मान हलवली नाही. नुसतं स्टूल पुढं सरकवलं.

"नमस्कार. पाण्याखाली. जेवले. काल आईला सगळं वाचून दाखवलं. किकवीच्या दादांचंही."

तेवढंच होतं. त्याच्याखाली तासाभरातच किकवीवाला आला होता. त्यानं इतकं लिहिलं होतं की वाचताना आपांनी दोनदा चष्मा पुसला. चुकलो म्हणाला. आईंना सांगा म्हणाला. आमच्याकडं पाणी आलं तर पहिल्या पिकाचं पोतं तुमच्या आईंच्या दारात टाकीन म्हणाला. आणि मग, माणूस निघता निघता दारात थांबतो तसं, त्यानं एक विचारलं होतं: त्या सासूच्या तालीत तुमची आई काय पिकवायची? खाचरात काय पिकतं हे किकवीच्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं. पण विचारलं होतं खरं.

आम्ही रविवारपर्यंत थांबलो. मी, आपा, उत्रोलीचा, कुवेतचा, सगळे. सोमवारी उत्तर आलं.

"आईला विचारलं. म्हणाली, भात."