मासा दिसावा, जागा दिसू नये

आमच्या साडूंइतका गुप्तता पाळणारा माणूस देशाच्या सीमेवरही सापडणार नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते खडकावर बसून गळ टाकतात, पण कुठल्या खडकावर, हे त्यांच्या बायकोलाही, म्हणजे माझ्या मेहुणीलाही, ठाऊक नाही. उत्तरेला जायचं असलं की गृहस्थ आधी दक्षिणेला भाट्याच्या पुलापर्यंत जाणार, मागे कोणी नाही ना बघणार आणि मग वळणार. उत्तर म्हटलं ते उगाच; खरी दिशा मीही सांगणार नाही. बरं, पकडलेला मासा गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांना तो गोडही लागत नाही. एकदा फोटोत मागे एक वाकडा माड आला. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धा ग्रुप त्या माडाखाली गळ घेऊन उभा! साडू त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आले. "भाऊ, माझ्या कॅमेऱ्याला मागचं सगळं धूसर करणारी लेन्स पाहिजे. मासा दिसावा, जागा दिसू नये. आणि स्वस्तात."

स्वस्तात म्हटल्यावर मी शटरच ओढलं. हातगाडीवर खिळे विकून दुकान उभं केलंय मी. पहिल्या भावाला आयुष्यात हो म्हटलेलं नाही. साडूंनी अभ्यास केला होता: पन्नास एमएमची, एक पॉइंट आठवाली. आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि मागचं जास्त पुसलं जातं. कॅमेऱ्याच्या दुकानात वापरलेली एक मिळाली. मी तोंड वाकडं केलं. "रिंग घट्ट आहे. आत बुरशी दिसतेय." दुकानदार नरमायला लागला, तेवढ्यात आमचे साडू ओरडले, "बुरशी कुठे, भाऊ? काच कशी आरशासारखी आहे! हीच तर शोधत होतो मी!" दुकानदार हसला आणि त्याने पावतीपुस्तक काढलं. बाहेर आल्यावर मी असा काही बोललो की रिक्षावाले इंजिन बंद करून ऐकत राहिले. तो राग अजून गेलेला नाही.

भरपाई म्हणून साडूंनी मला त्या जागेवर नेलं. डोळे बांधायचे तेवढे राहिले. तिथे मी जन्मात पहिल्यांदा गळ टाकला आणि हाताएवढी तांबोशी लागली! साडू खडकावर नाचायचे बाकी होते. "हात पुढे करा, भाऊ. अजून पुढे! मासा मोठा दिसतो." केले पुढे. फोटोत माशाचा खवला न् खवला स्पष्ट, समुद्र धूसर, खडक धूसर आणि सगळ्यात धूसर मी! आयुष्यातला एकुलता एक मासा, आणि धनी धुक्यात.

साडूंनी मलाही ग्रुपवर घेतलं आणि फोटो टाकला. लगेच प्रश्न आला, "हात कोणाचे?" माझे, म्हणून मी लिहिलं, तर सगळे हसले. एकाने आव्हान दिलं, "जागा सांगा, मग मानतो." साडू शेजारीच बसले होते. ते माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी जागेचं नाव लिहिलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि फोन खिशात टाकला. असा तोट्याचा व्यवहार मी त्याआधी कधी केला नव्हता.

हल्ली साडूंचे गुडघे खडक उतरू देत नाहीत. दुकानात स्टुलावर येऊन बसतात आणि फोनवर तोच फोटो उघडतात. लेन्सच्या भावावरून मी आधी थोडं भांडून घेतो. मग ते एका तपकिरी डागावर बोट ठेवतात. "इथे बसायचो मी." मी म्हणतो, "आणि डबा त्या कपारीत." गिऱ्हाईक डोकावून विचारतं, "कुठली हो ही जागा?"

साडू घाईघाईने फोन उलटा ठेवतात. आता तिथे आमच्यातलं कोणी जात नाही, तरीही.