मागच्या वर्षीचा दात

अहमदपूरच्या बाजारात कुणी मोठ्याने हसलं की फारूकची मान आपोआप तिकडे वळते. माणूस ओळखीचा असायची गरज नाही, दात ओळखीचे असले म्हणजे झालं. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या एखाद्या गुरुजींच्या तोंडात आपल्या हातचे दोन दात दिसले की तो मनातल्या मनात सलाम करतो आणि पुढे जातो. गुरुजींना बिचाऱ्यांना पत्ताही नसतो. फारूक काही दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेतात, मापात प्लास्टर ओतून जबडा तयार होतो आणि तो जबडा फारूकच्या टेबलावर येतो. त्यावर कवळी करायची, अर्धी कवळी करायची, एखाद्या दाताची टोपी करायची, हे त्याचं काम. गेल्या तीस वर्षांत गावातल्या निम्म्या बोळक्यांना त्याने दात दिले, पण त्यातल्या फार थोड्यांचे चेहरे त्याने बघितले आहेत.

बाप घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक कामाचा हात आणि चिडका स्वभाव, दोन्ही फारूकला तिकडूनच आलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. मेण वितळल्याचा वास, घासायच्या मोटारीची घरघर आणि टेबलावर कोणाकोणाचे आ वासलेले जबडे. "चालून जाईल" हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नाही. डॉक्टरने घाईत घेतलेलं माप आलं तर तो ते तसंच परत पाठवतो, वर चिठ्ठी, ‘पुन्हा घ्या.’ गावातल्या दातांच्या डॉक्टर पुनम मॅडम या शिकलेल्या, चार माणसांत मान असलेल्या बाई. पण फारूकभाईची चिठ्ठी आली की त्याही मुकाट्याने माप पुन्हा घेतात.

आठ वर्षांपूर्वी याच पुनम मॅडमकडून एक छोटा जबडा आला. वरचा, समोरचा एक दात गायब. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘सुकन्या, वय बारा. हापशाचा दांडा लागला. काढता-घालता दात करा. दरवर्षी बदलावा लागेल.’

दरवर्षी का, हे फारूकला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाडात स्क्रू बसवून त्यावर कायमचा दात लावता येतो, पण तो वाढत्या पोराला लावायचा नसतो. आपले स्वतःचे दात जबड्याबरोबर हळूहळू सरकत असतात, खाली येत असतात. स्क्रूवरचा दात मात्र हाडाला घट्ट धरून बसतो. शेजारी पुढे निघून जातात आणि तो आहे तिथेच राहतो, आखूड आणि आत ओढल्यासारखा. वाढ पुरी थांबल्याशिवाय तो बसवायचा नाही, हा साधा नियम. फारूकला तो पाठ होता आणि एकदा त्यानेच तो मोडला होता.

त्याची मुलगी हुस्ना पंधरा वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि तिचा समोरचा दात गेला. तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, चार वर्षं थांब, तोवर तूच एक काढता-घालता दात करून दे. फारूकला ते लागलं. गावभर लोकांना काढते-घालते दात देणारा मी, माझ्या लेकीच्या तोंडात तेच घालू? तो तिला घेऊन मोठ्या शहरात गेला. फॉर्मवर वय लिहायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने अठरा लिहिलं. हुस्ना उंच होती, कुणी शंका घेतली नाही. दात असा सुरेख बसला की फारूक महिनाभर तिला उगाच हसवत होता.

दोन वर्षांनी तो दात तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका आखूड दिसायला लागला, पाच वर्षांनी त्याहून जास्त. फारूकने वरची टोपी दोनदा लांब करून दिली. पण हिरडीची रेघ काही शेजारच्या रेघेला मिळेना. हुस्नाचं काही अडलं नाही. तिचं लग्न झालं, ती नांदेडला नांदायला गेली, तिला लेकरू झालं, तोंड भरून हसायची तिची सवयही गेली नाही. अडकला तो बाप. ती समोर आली की त्याची नजर त्या एका दातावर जायची आणि मग तो दुसरीकडे बघायचा. ही गोष्ट त्याने गावात कुणालाही सांगितली नव्हती, पुनम मॅडमनाही नाही.

म्हणून सुकन्याचा दात तो जीव लावून करायचा. पोरीला त्याने पाहिलेलं नव्हतं, पण तिचा जबडा त्याला तोंडपाठ होता. दर उन्हाळ्यात नवं माप यायचं, सोबत जुना दात. आधी मागच्या वर्षीचा दात नव्या जबड्यावर ठेवून बघायचा, तो आखूड पडायचा, मग नवा करायचा. जुने जबडे इतर लोकांचे तो फेकून द्यायचा. सुकन्याचे मात्र जुन्या दातांसकट कपाटात ओळीने ठेवायचा.

पोरगी चौदाची झाली त्या वर्षी सतरा सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिदिनाचं भाषण तिच्याकडे होतं. भाषण रंगात आलं, आवाज चढला आणि ऐन जोशात तिचा दात तोंडातून उडून पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या पायाशी जाऊन पडला. सगळी शाळा हसली. सुकन्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाईना, घरातही तोंडावर ओढणी धरून बोलू लागली.

चार दिवसांनी तिचे आजोबा किशनराव तो मोडका दात रुमालात बांधून थेट फारूकच्या दारात उभे राहिले. किशनराव म्हणजे देवणी जनावरांचा जाणता माणूस. गोठ्यात चार देवणी गाई, आणि बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की लोक आधी किशनरावांना बोलावतात. बैलाचा जबडा उघडून ते वय सांगतात आणि ते सहसा चुकत नाही.

"फारूकभाई, एवढा सांधून द्या बघा," ते म्हणाले. "उद्याच्याला पोरीला शहराला घेऊन चाललो. कायमचा बसवून टाकतो. लई झाली ही काढ-घाल."

"पुनम मॅडम हाव म्हणल्या का?"

"त्या कुठं म्हणतेत! थांबा म्हणतेत. पोरगी जेवंना झाली, थांबू किती?"

"काका, तिथं बी वय विचारतेत."

"इचारू द्या की. अठरा सांगतो. पोरगी उंच हाय, कोण बघायलंय!"

फारूकने मोटार बंद केली. नऊ वर्षांपूर्वीचं आपलंच बोलणं कुणी आपल्याला ऐकवावं तसं त्याला झालं. मग तो म्हणाला, "काका, बैल घेताना मालकानं सांगितलेलं वय तुम्ही मानता का?"

"मालकाचं कोण ऐकतंय? मी तोंड उघडून बघतो."

"मग पोरीचं बी बघा."

त्याने कपाटातून सुकन्याचे तिन्ही जबडे काढले आणि ओळीने मांडले. बाराव्या वर्षाचा, तेराव्याचा, चौदाव्याचा. पहिल्या वर्षीचा दात उचलून त्याने तिसऱ्या जबड्यावर ठेवला. दात वर लटकल्यासारखा दिसला, खाली चांगली फट. किशनरावांनी चष्मा लावला. एकेक जबडा हातात घेऊन, उजेडाकडे धरून, बाजारात बघतात तसा निवांत बघितला.

"पोरगी वाढून राहिली की," ते हळूच म्हणाले.

"तेच सांगून राहिलो. हाडात रोवलेला दात तिच्यासंगं वाढणार न्हाई. तो आज आहे तिथंच राहणार."

पण किशनराव सहजासहजी ऐकणारे नव्हते. "हे तुमचं प्लास्टर झालं. असं झालेलं जितं माणूस दावा, मग मानतो."

जितं माणूस आतल्या खोलीतच होतं. हुस्ना लेकराला घेऊन माहेरी आली होती. एका शब्दाने काम होणार होतं आणि तोच शब्द त्याच्या तोंडून निघेना. एवढी वर्षं झाकलेलं, तेही गिऱ्हाइकासमोर, कसं उघडं करायचं? तो उगाच टेबलावरची कानस इकडची तिकडे ठेवत राहिला.

पडदा सरकवून हुस्ना स्वतःच बाहेर आली. कडेवर लेकरू होतं. "काका, माझा बघा," ती म्हणाली आणि खिडकीच्या उजेडात तोंड करून तिने ओठ वर केला.

किशनराव सवयीने पुढे झाले, "जरा मान वर," असं म्हणून गेले आणि लगेच ओशाळले. "माफ कर बाई, जनावरात जिंदगी गेली." हुस्ना हसली. हसताना दात आणखी नीट दिसला. किशनरावांनी बराच वेळ बघितलं.

"हा एकटाच मागं राहिला," ते म्हणाले. "किती वर्साची होतीस?"

"पंधरा. फॉर्मवर अठरा."

"फॉर्म कुणी भरला?"

हुस्नाने लेकराच्या तोंडातला हात बाजूला केला. "मी भरला," फारूक म्हणाला.

किशनराव खुर्चीत बसले. "सगळे दात येऊन जुळायच्या आधी बैलाला जड गाडीला जुंपलं तर मी मालकाला चार शिव्या देतो," ते म्हणाले, "आन् घरच्या पोरीचं वय चोरायला निघालो होतो." मग रुमाल पुढे सरकवून म्हणाले, "पर फारूकभाई, पुन्हा उडाला न्हाई पायजे. तेवढं बघा."

"पोरीला घेऊन या," फारूक म्हणाला. गिऱ्हाइकाला दुकानात बोलवायची त्याची ही पहिलीच वेळ.

पुनम मॅडमकडून नवं माप मागवून त्याने दात पुन्हा केला, मागच्या दाढांना तारेच्या दोन जादा कड्या घातल्या. सुकन्या आली ती ओढणीआडूनच. दात बसवल्यावर फारूक म्हणाला, "हां, आता भाषण म्हण."

"इथं?"

"सगळं. शाळेत म्हणलीस त्यापेक्षा मोठ्यानं."

पोरगी आधी पुटपुटली. फारूक खेकसला, "ऐकू येत न्हाई." मग तिला चेव आला. ओढणी खाली गेली, आवाज रस्त्यावर गेला, शेजारचा शिंपी शिलाई थांबवून दारात येऊन उभा राहिला. भाषण संपलं तेव्हा दुकानासमोर दहा-बारा माणसं जमली होती आणि दात जागेवर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुकन्या खुदकन हसली. फारूकला त्या जबड्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला.

जाताना तिने विचारलं, "चाचा, हे कुठवर?"

"मागच्या वर्षीचा दात ह्या वर्षीच्या जबड्यावर नीट बसंल तवर. ज्या दिवशी मला काम उरणार न्हाई, त्या दिवशी तुझा कायमचा दात."

त्यानंतर दर उन्हाळ्यात सुकन्या माप दिल्यावर फारूकच्या दारातून डोकावायची. "बसला का?" "न्हाई बसला." पंधराव्या वर्षी फट दिसली. सोळाव्या वर्षी ती कमी झाली. सतराव्या वर्षी दोघांना वाटलं आता बसतोय, पण भिंगातून बघितल्यावर तिळाएवढी फट निघालीच. सुकन्याचं तोंड उतरलं आणि फारूक स्वतःवरच चिडला, जणू त्यानेच पोरीला वाढवलं. अठराव्या वर्षी गावातल्या बायका किशनरावांना म्हणू लागल्या, आता पोरगी कायद्यानं मोठी झाली, करून टाका. किशनराव म्हणायचे, "कायदा आमच्या फारूकभाईच्या कपाटात हाय." त्या वर्षीही कागदाच्या जाडीएवढा फरक होताच.

एकोणिसाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात फारूकने नवा जबडा टेबलावर ठेवला, मागच्या वर्षीचा दात उचलला आणि त्यावर ठेवला. दात चपखल बसला. त्याने काढला, पुन्हा ठेवला. भिंग लावलं. मोटार सुरू करायला गेलेला हात तसाच मागे घेतला. करण्यासारखं काही नव्हतं. तीस वर्षांत काम नसल्याचा आनंद झालेला हा पहिला दिवस.

पुनम मॅडम जाणत्या बाई. त्या म्हणाल्या, एका वर्षावर भरवसा नको. पुढच्या वर्षी पुन्हा माप झालं, पुन्हा तोच दात बसला. लातूरला एक्स-रे काढले, तेही मागच्या वर्षी काढलेल्या एक्स-रेशी जुळले. मग लातूरच्याच डॉक्टरांनी स्क्रू बसवला, काही महिने तो हाडात मुरू दिला आणि वरच्या टोपीचं काम फारूककडे आलं. हल्ली असल्या टोप्या मशीनवर निघतात. पुनम मॅडमनी विचारलंही, फारूकभाई, मशीनवर करून घेऊ? फारूकने उत्तरादाखल फक्त चिठ्ठी पाठवली, ‘मी करतो.’ तीन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

दात बसवून सुकन्या सरळ दुकानात आली. सोबत किशनराव, त्यांच्या हातात पेढे. तिने जुना दात डबीतून काढून टेबलावर ठेवला. "चाचा, हा तुमचा तुम्हाला." फारूकने तो घेतला आणि कपाटात शेवटच्या जबड्यावर बसवून ठेवला. मग सुकन्या म्हणाली, "हुस्नाताईला दाखवायचाय," आणि तिने नांदेडला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर हुस्ना आली. इकडून सुकन्या हसली, तिकडून हुस्ना हसली. "मस्त बसलाय गं! शेजारच्याशी अगदी बराबर." मग तिने विचारलं, "अब्बा कुठं हायत?" सुकन्याने फोन फारूकच्या हातात दिला. फारूकने सवयीने नजर दातावर नेली आणि सवयीनेच बाजूला वळवली.

"बघा, पुन्हा," हुस्ना म्हणाली. आवाजात राग नव्हता, थट्टा होती. "अब्बा, पंधरा वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी न्हाई, माझ्या दाताशी बोलून राहिलात. माझी काही तक्रार न्हाई त्याच्याबद्दल. आज तरी माझ्याकडं बघा की."

किशनराव उगाच पेढ्यांचा पुडा सोडायला लागले. फारूकने फोन जवळ धरला आणि लेकीकडे बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"तुला चष्मा कधी लागला?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं झाली, अब्बा," हुस्ना म्हणाली.