ओतूरची मासवडी समुद्रावर

आमच्या मावससासूबाईंचा ओतूरबद्दलचा अभिमान मोजायला घेतला तर शिवनेरीपेक्षा चार बोटं उंचच भरेल. देवानं आधी ओतूर घडवलं आणि उरलेल्या मातीत बाकीचा महाराष्ट्र भागवला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. मंचरचा कांदासुद्धा त्यांना फिका लागतो. अशा बाईंना घेऊन आम्ही कोकणातल्या एका लहानशा गावी, समुद्रावर चार दिवस राहायला गेलो. शांत किनाऱ्यावर सुट्टीला गेल्यावर माणसाला काय मिळतं? सुरूच्या बनातला वारा, शहाळं, दुपारची लांबलचक झोप. आम्हाला तेवढंच हवं होतं. बाईंनी मात्र निघताना डिकीत अर्धी गोणी कांदे, बेसन, तीळ, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याची बरणी भरली. "अगं मावशी, तिथं जेवण मिळतं," माझी बायको म्हणाली. "मिळत आसंल. पर त्याला जेवान म्हनायचं का, ते मी ठरवीन!"

पोचल्या पोचल्या त्यांनी गावचा रस्ता पाहिला आणि "आमच्या शेताचा बांध यापरीस रुंद हाय," असं जाहीर केलं. घरमालकीण बिचारी हसून ऐकून घेई. नवरा गेल्यावर तिनं घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. एक आम्हाला, उरलेल्या दोन पुण्याच्या एका मोठ्या कुटुंबाला. ते आले होते केवळ ताज्या मासळीसाठी.

तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला की बोटी समुद्रात गेल्याच नाहीत. बाजारात मासळीचं शेपूटही दिसेना. पुण्याचे गृहस्थ अंगणात येऊन म्हणाले, "मासे नसतील तर आम्ही आत्ताच निघतो. आणि चार लोकांना सांगतोही." मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी पदर खोचला. "पावणं, मासाच पायजे ना? मंग बसा. ओतूरचा मासा खाऊन जावा!"

बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मासळीला कधी हात न लावलेल्या. मी घाबरलो. पण त्यांनी मालकिणीला तीळ भाजायला बसवलं, मला कांदे चिरायला लावले, बेसन घोटून ओल्या फडक्यावर थापलं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलं आणि वळून त्याला हुबेहूब माशाचा आकार दिला. मग वड्या कापल्या. सोबत काळा, झणझणीत रस्सा. पुण्याच्या गृहस्थांनी पहिली वडी संशयानं उचलली, पाचवी मागून घेतली. नाक पुसत म्हणाले, "आजी, यात काटा कसा नाही?"

"आमच्या ओतूरला मासं बी शिस्तीत ऱ्हात्यात!"

कुटुंब राहिलं. संध्याकाळी मालकीण वही घेऊन आली. "काकी, मला हे लिहून द्याल?" बाईंनी वही बाजूला ठेवून तिच्याकडून दोनदा वडी थापून घेतली आणि मसाल्याची बरणी तिच्या फळीवर ठेवली. "पर नाव बदलायचं न्हाई. ओतूरची मासवडीच म्हनायचं."

निघायच्या सकाळी बाई दिसेनात. शोधत गेलो तर पाण्याच्या कडेला बसलेल्या, लाटा पायांवरून जात होत्या.

"जावईबापू, केवढं पानी! शेताच्या पान्यावानी याची बारी लावायला नको, का मोटर चालू कराया नको." मग त्या हलकेच म्हणाल्या, "मालक गेल्यावर त्या पोरीवानी मी बी एकटीनंच समदं रेटलं. तवा असं बसायचं ठावंच नव्हतं."

गाडीत सामान भरून झालं होतं. पण हॉर्न वाजवायला कुणाचाच हात धजेना.